बुडापेस्टचा जादा तास

व्हिएन्नाला जाताना घरून श्नित्सेल बांधून नेणारी माणसं अख्ख्या जगात फक्त आमचीच. ज्या शहराच्या नावानं तो पदार्थ ओळखला जातो, तिथंच जाऊन आम्ही झेक लोक बाकावर बसणार, पिशवीतून चंदेरी कागदाची पुडी काढणार, आणि आईनं पहाटे उठून तळलेला, पावात घातलेला मांसाचा गार तुकडा मिटक्या मारत खाणार. हॉटेलात कशाला जायचं? घरचं आहे की!

तर मार्चमधला शनिवार होता. रिमझिम चालली होती, आणि मी एका बागेत, कमानीखालच्या एकुलत्या एका कोरड्या बाकावर बसून माझी पुडी सोडत होते. तेवढ्यात शेजारी एक माणूस येऊन बसला. उंच, कपाळावरचे केस विरळ व्हायला लागलेले, कोटाची कॉलर वर केलेली. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. खिशात हात घातला आणि… चंदेरी कागदाची पुडी काढली.

मी त्याच्या पुडीकडं बघितलं. त्यानं माझ्या.

"ब्रनो?" त्यानं सरळ झेकमध्येच विचारलं.

"ब्रनो. तुम्ही?"

"ओलोमौत्स. — खारवलेली काकडी आहे का हो तुमच्याकडं? मी घरी विसरलो."

"ओळख ना पाळख, आणि थेट काकडी मागता?"

"मागून बघावं म्हटलं. तुमचा चेहरा काकडी देणाऱ्या बाईचा वाटला."

"असा चेहरा असतो?"

"असतो तर! अशा माणसांचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त हसतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांतच बघत असतो मी."

मी केस कापते. दिवसभर बायकांची बडबड ऐकून माझीही जीभ काही कमी चालत नाही. पण त्या वाक्यावर माझा हात आपोआप पिशवीत गेला, बाई! काकडी दिली. अख्खी दिली, अर्धी नाही.

त्याचं नाव हिनेक. पाऊस थांबल्यावर आम्ही उगीचच एका दिशेनं चालायला लागलो. एका दारात कॉफी, दुसऱ्या दारात केक, मग नदीकाठी वाइन. आणि एवढं सगळं होऊनही गृहस्थाचं आपलं "तुम्ही" चालूच. आमच्यात 'आता तू म्हण' हे बाईनं सांगायचं असतं, पुरुषानं वाट बघायची. तो बिचारा वाट बघत होता, आणि मी मुद्दाम सांगत नव्हते. गंमत वाटत होती मला.

"तुम्हाला… थंडी वाजते का?" तो म्हणाला.

"'तुम्हाला' वाजत नाही," मी म्हटलं आणि ग्लास पुढं केला. "मी ब्लांका. आता 'तू' म्हण."

रिवाजाप्रमाणे ग्लासला ग्लास लावायचा आणि गालावर ओठ टेकवायचे. त्यानं टेकवले, आणि मग लगेच मागं झाला नाही. इतकंच.

त्याच दिवशी, परतीच्या गाडीत, त्यानं मला सगळं सांगितलं. त्याची बायको यित्का तीन वर्षांपूर्वी गेली. आजारानं. मुलगी आहे, अनेश्का, नऊ वर्षांची. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार ती यित्काच्या आईबाबांकडं राहायला जाते. घरात एकटं बसवत नाही, म्हणून मग तो गाडीत बसतो आणि कुठंतरी जातो. फसवलं नाही हो त्यानं मला. ते एक बरंच होतं, आणि तेच वाईटही. रागावायला काही जागाच ठेवली नाही त्यानं.

पुढच्या महिन्यात आम्ही बरोबर गेलो. मग दर महिन्याला. शुक्रवारी शेवटच्या बाईचे केस वाळवले की मी खुर्चीखालची छोटी बॅग उचलायची, आणि सलूनमधली इव्होना आरशातून डोळे मिचकावायची.

"कुठं स्वारी या वेळी?"

"क्राकोव."

"आणि ओलोमौत्सला कधी? इथून जवळ पडतं की गं ते! परदेशी जायला वेळ आहे, आणि त्याच्या घरी जायला नाही?"

"घरी काय असतं बघायला?" मी हसून उडवून लावायची.

कारण आमचा एक करार झाला होता. कुणी लिहून-बिहून घेतला नव्हता, आपोआपच झाला होता. सोमवारचं नाव काढायचं नाही. दुकान, शाळा, औषधं, आईबाप… ते सगळं घरी ठेवून यायचं. क्राकोवच्या चौकात त्यानं एका म्हाताऱ्या वादकाबरोबर गाणं म्हटलं, इतकं बेसूर की वादकानंच थांबवलं. ल्युब्लियानात एकाच छत्रीत चालताना त्याचा डावा खांदा भिजला आणि माझा उजवा, आणि छत्री कुणी मोठी घ्यायला हवी होती यावर आम्ही पुलावर उभं राहून भांडलो, भांडता भांडता हसलो, आणि मग तो माझ्या भिजलेल्या केसांकडं बघत राहिला.

"काय बघतोस?"

"काही नाही. तुझे केस कोण कापतं?"

"इव्होना."

"तिला सांग… कापू नकोस म्हणून."

असं काही बोलला की माझं पाणी पाणी व्हायचं. मला वाटायचं, एवढं हसणारा माणूस! आता कधीतरी म्हणेल, चल घरी. म्हणणारच.

ऑक्टोबरअखेर आम्ही बुडापेस्टला गेलो. पुढचाच शनिवार दुशिच्कीचा, म्हणजे मेलेल्यांच्या आठवणीचा होता. त्या सुमारास आमच्याकडं घराघरातली माणसं कबरस्तानात जातात, आपल्या माणसांच्या कबरी झाडतात, शेवंतीची फुलं ठेवतात आणि दिवे लावतात. संध्याकाळी कबरींची सगळी टेकडी लुकलुकते. मुख्य म्हणजे घरची माणसं एकत्र जातात. कोण कुणाबरोबर उभं आहे, यावरून कोण कुणाच्या घरचं ते गावाला कळतं.

शनिवारी बाजारात हिनेक लाल मिरचीच्या माळांचा भाव करण्यात गुंतला होता, तेव्हा मी शेजारच्या बाईकडून एक दिवा घेतला. तांबड्या काचेचा, वर सोनेरी झाकण, आत मेण. मी त्याच्याबरोबर जाणार आणि यित्कासाठी तो लावणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. रिकाम्या हातानं कसं जायचं पहिल्यांदा? दिवा माझ्या लोकरीच्या टोपीत गुंडाळून बॅगेत ठेवला. गाडीत, घाईगडबडीत, हसत हसत त्याच्या हातात ठेवीन म्हटलं. हसत दिलं की गोष्टी सोप्या होतात.

रविवारी सकाळी हिनेकनं मला गदागदा हलवून उठवलं.

"ब्लांका! ऊठ! गाडी चुकणार!"

त्याच्या मनगटावर आजोबांचं किल्लीचं घड्याळ असायचं, आणि त्याशिवाय त्याचा कशावर विश्वास नव्हता. मी एका पायात मोजा घालून जिना उतरले. नाश्ता नाही, वेणी नाही. ट्राममागं धावलो, सुटली. मग पुढच्या थांब्यापर्यंत धावलो. स्टेशनात शिरलो तेव्हा माझ्या छातीचा भाता झाला होता, आणि फलाटावर चिटपाखरू नव्हतं.

मी वर बघितलं. स्टेशनचं मोठं घड्याळ त्याच्या घड्याळापेक्षा पूर्ण एक तास मागं होतं.

"हिनेक," मी म्हटलं, "आज ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. हिवाळ्यासाठी आज रात्रीतून सगळी घड्याळं एक तास मागं करतात."

त्यानं मनगटाकडं बघितलं. वर बघितलं. पुन्हा मनगटाकडं.

"चष्मेवाला म्हणे!" मी म्हटलं. "लोकांचे डोळे तपासतो आणि स्वतःला घड्याळ दिसत नाही."

"अगं, चांगलंच झालं की. एक तास फुकट मिळाला."

हसून हसून आम्ही बाकावर कोसळलो. त्यानं कॉफी आणली. कॉफी संपली. आणि मग… काहीच नव्हतं. आमचे शनिवार-रविवार नेहमी गच्च भरलेले असायचे, हे बघ, ते खा, तिकडं चढ. नुसतं बसून राहायचा तास आम्हाला कधी मिळालाच नव्हता. समोर म्हाताऱ्या बायका बादल्यांमध्ये शेवंती मांडत होत्या. तिथंही मेलेल्यांचा दिवस जवळ आला होता. हिनेक त्या फुलांकडं बघत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. हा चेहरा मी कधी बघितला नव्हता. सोमवारचा असावा.

मी टोपी सोडली आणि दिवा त्याच्या मांडीवर ठेवला.

"यित्कासाठी," मी म्हटलं. "शनिवारी… मीपण येऊ का रे?"

तो कितीतरी वेळ दिव्याचं झाकण गोल फिरवत राहिला.

"तिचे आईबाबा असतील," तो म्हणाला.

"मग? चांगलंच आहे. भेटू. मी काय खाते का कुणाला?"

"अनेश्का असेल."

"तिलाही भेटायचंय मला. सात महिने झाले हिनेक, मी तिचा साधा फोटो बघितलेला नाही."

"ब्लांका, ऐक ना…" त्यानं माझा हात धरला. "तिकडं मी यित्काचा नवरा आहे. घरात, दुकानात, शाळेच्या दारात, सगळीकडं. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मीही हळूच बोलतो. महिन्यातून दोन दिवस, तुझ्याबरोबर… मी मोठ्यानं हसतो. तिला विसरतो. खरंच विसरतो गं. तू तिथं आलीस, तर मग मी विसरायला जाऊ कुठं?"

मला लगेच कळलं नाही. कॉफीसारखं ते हळूहळू खाली उतरलं.

"म्हणजे मी तुझी सुट्टी," मी म्हटलं.

"असं नको म्हणू."

"मग कसं म्हणू? तूच सांग."

खोटं बोलला असता तर मी विश्वास ठेवला असता, देवाशपथ. पण खोटं त्याला येतच नव्हतं.

"पुढच्या वर्षी…" तो म्हणाला. "वसंतात कदाचित… मला जरा वेळ दे."

"पुढच्या वर्षी नेशील का म्हणून नाही विचारत मी. तुला हवंय का ते विचारतेय. मी तुझ्या स्वयंपाकघरात उभी आहे, दूध उतू गेलंय, तू चिडलायस, अनेश्काला उशीर झालाय. हवंय तुला हे?"

त्यानं डोळे मिटले. "मला तुला तिथं बघताच येत नाही, ब्लांका," तो म्हणाला. "प्रयत्न करतो. नाही येत."

फुकट मिळालेला तास संपता संपेना. गाडी घाईत पकडली असती, तर मी तो दिवा हसत दिला असता, त्यानं हसत काहीतरी थाप मारली असती, आणि आम्ही नोव्हेंबरात पुन्हा कुठंतरी गेलो असतो. आणखी एक वर्ष गेलं असतं असंच. छान गेलं असतं, हेच तर दुखतं.

गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. दिवा मी परत माझ्याकडं घेतला होता. तपासनीस आला तेव्हा हिनेकनं नेहमीप्रमाणे दोघांची तिकिटं खिशातून काढून दाखवली. ब्रातिस्लावा गेलं. माझी नजर खिडकीबाहेर, त्याची माझ्यावर. रडू मला कधीच सुंदर येत नाही, नाक लाल होतं, म्हणून मी दात दाबून बसले होते. ब्रेत्स्लाव आलं की त्यानं ओलोमौत्सची गाडी धरायची आणि मी तशीच पुढं ब्रनोला जायचं, हे नेहमीचंच.

ब्रेत्स्लाव आलं. तो उठला, बॅग खांद्याला लावली आणि दारात अडखळला. मी दिवा हातात घेऊन त्याच्या मागं दारापर्यंत गेले.

"नोव्हेंबरात…?" त्यानं विचारलं. आवाज असा, की उत्तर त्याला आधीच माहीत होतं.

मी मान हलवली. "नाही रे. मी आता येणार नाही."

त्यानं वाद घातला नाही. खाली उतरला, वळला आणि दोन्ही हात पुढं केले.

"तो दिवा दे," तो म्हणाला. "मी लावीन तिच्याजवळ."

"अनेश्कानं विचारलं, कुणी दिला, तर काय सांगशील?"

तो तसाच उभा राहिला, हात पुढं करून. ओठ हलले, पण नाव काही बाहेर आलं नाही.

तरी मी दिला. यित्काचा काय दोष होता त्यात? त्यानं तो घेतला आणि छातीशी धरला, काच तडकू नये म्हणून बोटं सगळीकडून लपेटून. माझी एवढी एकच वस्तू त्याच्या माणसांत जाणार होती.

दार लागलं. गाडी हलली तेव्हा त्याला हात हलवता आला नाही, कारण दोन्ही हातांत दिवा होता. मी मात्र हलवला, फलाट दिसेनासा होईपर्यंत हलवत राहिले.