ठिपका बघण्याचा दंड

त्या दिवशी मी एक कान शोधत होते.

सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकासाठी मला चाळीस चित्रं काढून द्यायची होती. फुलाचे भाग, हृदयाचे कप्पे, मेणबत्तीची ज्योत... अकरा झाली होती आणि बारावं, कानाचं, काही केल्या जमत नव्हतं. माझ्या खोलीच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, श्रवणयंत्रांचं दुकान होतं. त्याच्या काचेतून प्लास्टिकचा एक भला मोठा कान रोज मला दिसायचा. शेवटी धीर करून आत गेले.

दुकानदार तरुण होता. एका आजोबांच्या कानात यंत्र बसवत होता. "बसा हं, पाचच मिनिटं," तो मान न वळवता म्हणाला.

मी बसले आणि सवयीने फोन काढला. जरा वेळाने फोन टिंग वाजला, तशी मी दचकले.

"काही वाईट बातमी?" आता मात्र त्याने वळून पाहिलं.

"नाही... दंड झाला."

"दंड? कुणी केला?"

"मीच. मलाच."

त्याने हातातला छोटा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग सांगावंच लागलं. फोनमध्ये एक सोय होती. जी साइट बघण्यात आपला वेळ जातो तिचं नाव आधी देऊन ठेवायचं. दिवसाला दहा मिनिटं माफ. त्यापुढे दर पाच मिनिटांना एका कॉफीचे पैसे आपल्या खात्यातून कापले जाणार आणि आपण नेमलेल्या साक्षीदाराला मिळणार.

"आणि साइट कसली? कपड्यांची?"

"जहाजांची."

तो हसायला लागला होता, पण माझा चेहरा बघून थांबला. मी फोन त्याच्यापुढे धरला. निळ्या नकाशावर शेकडो ठिपके होते. "हा हिरवा... यात माझा दादा आहे. इंजिनखोलीत कामाला. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. आठवड्यातून एकदा फोन लागतो, तोही लागला तर. ठिपका हलताना दिसला की वाटतं, आहे... ठीक आहे. मग पुन्हा बघते. असा दिवस जातो आणि चित्रं तशीच राहतात."

"साक्षीदार कोण?"

"मैत्रीण. पण ती माया करते हो! महिनाअखेरीला सगळे पैसे परत पाठवते. असल्या दंडाला कोण भीक घालतं? मला कुणीतरी अनोळखी हवंय. दगडाच्या काळजाचं."

"यालाच घे, पोरी!" आजोबा एकदम ओरडले. यंत्र सुरू झालं होतं. "दोन वर्षांत मला एक पैसा सोडला नाही याने!"

आम्ही तिघंही हसलो. आणि असा तो माझा साक्षीदार झाला.

कानाचं चित्र करायला मी चार दिवस खाली जात होते. प्लास्टिकच्या कानाने काम भागलं असतं, पण तिसऱ्या दिवशी मीच म्हणाले, "खऱ्या कानाची पाळी जरा वेगळी असते, नाही?"

"माझी बघा ना," तो म्हणाला आणि स्टुलावर पाठमोरा बसला. मी रेषा ओढत गेले... आणि बघता बघता कान लाल होत गेला.

"रंग बदलू नका," मी म्हणाले. "चित्र काळंपांढरं आहे."

"मग तुम्ही इतक्या जवळून बघू नका."

माझी पेन्सिल मोडली. खरंच मोडली.

चित्र झालं तरी माझं खाली जाणं सुटलं नाही. कधी पट्टी मागायला, कधी उगाचच. तो माझ्या दंडावरून माझे दिवस ओळखायला लागला होता. "काल फार श्रीमंत केलंत मला," तो म्हणायचा. "समुद्रावर वारा होता का?" किंवा, "आज दुपारपर्यंत एक छदाम नाही. हृदय पूर्ण झालं वाटतं?"

"झालं. चारही झडपांसकट."

"बघू तरी... कुणाचं हृदय कसं असतं ते."

"सातवीच्या पुस्तकात बघा!"

दंड कमी होत गेला. चित्रं सव्वीसपर्यंत पोचली. मला वाटलं, सुटले मी.

आणि एका सकाळी ठिपका दिसेना.

भर समुद्रात तो तास-दोन तास नाहीसा व्हायचा, हे मला ठाऊक होतं. पण या वेळी शेवटची खूण आदल्या दुपारची होती. नकाशाच्या त्याच भागावर वादळाचा लाल गोल फिरत होता. मी साइट बंद केली, उघडली. बंद केली, उघडली. टिंग. टिंग. मी मोजलं नाही. दादाचा फोन लागत नव्हता.

दारावर थाप पडली. तो धापा टाकत उभा होता, गळ्यात तपासणीचा हेडफोन तसाच.

"अकरा वेळा वाजला माझा फोन. काय झालं?"

मी नुसता नकाशा दाखवला. तो ओरडला नाही, 'बघू नका' म्हणाला नाही. शेजारी खुर्ची ओढून बसला. "कंपनीचा नंबर आहे?"

नंबर होता. पण माहिती मिळायला पाऊण तास लागला. एकाने फोन दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. रोज ऐकू न येणाऱ्या माणसांशी बोलणारा तो, एकदाही आवाज न चढवता तेच तेच पुन्हा सांगत राहिला. मी त्याच्या शर्टाच्या बाहीचं टोक मुठीत धरलं होतं. केव्हा धरलं, आठवत नाही.

"हो... हो... नक्की? आभारी आहे." त्याने फोन ठेवला. "सकाळी सहाला जहाजाचा संदेश आलाय. वादळ चुकवायला लांबच्या वाटेने चाललेत. तिकडे किनारा दूर, म्हणून नकाशावर दिसत नाहीत. सगळे सुखरूप आहेत."

मी ओक्साबोक्शी रडले. तो पाण्याचा पेला धरून बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "एक सांगायचं होतं. मला या साक्षीदारकीतून मोकळं करा."

"वैतागलात ना?" मी डोळे पुसले. "साहजिकच आहे."

"तसं नाही... फोन वाजला की कळतं, तुम्ही घाबरलेल्या आहात. तेव्हा जिवाची घालमेल होते. आणि दिवसभर वाजला नाही, तर करमत नाही. म्हणजे तुमच्या काळजीची मी वाट बघतो—हे बरं आहे का? तुम्हाला अनोळखी माणूस हवा होता. मी आता तो राहिलो नाही."

खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगला, पुन्हा भिंतीला चिकटला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही... आणि त्याच्या पाठोपाठ भीतीच आली.

"मला एका माणसाची काळजी पेलवत नाही," मी म्हणाले. "दुसऱ्याची कुठून आणू?"

"मी कुठे समुद्रावर जातो? खाली तर असतो. अठरा पायऱ्या."

"बाबाही कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. औषध आणायला."

तो उठला. पेला टेबलावर ठेवला आणि खाली गेला.

तिसऱ्या दिवशी ठिपका उगवला. दादाचा फोनही आला. "तू काय ऑफिसात फोन करवलास गं? सगळी बोट हसतेय मला!" असं ओरडून त्याने माझी यथेच्छ खरडपट्टी काढली. मी सुखाने ऐकून घेतली. पुस्तकाच्या संपादकबाईंनी मात्र वेगळ्या आवाजात बजावलं, "आठ दिवस. नाहीतर काम दुसऱ्याला." साक्षीदार गेल्यामुळे दंडही बंद होता. ठिपका आता फुकट होता. हवा तेवढा वेळ बघता आला असता. पण मी मान मोडून चित्रं काढत बसले. खालून शटर वर जाताना, दार उघडताना कान तिकडे जायचे. तरी पायऱ्या उतरायचं धाडस झालं नाही.

आठव्या दिवशी चाळीस चित्रं देऊन आले. हलकी हलकी होऊन दुकानापाशी थांबले, तर भर दुपारी शटर बंद. ते कधीच बंद नसायचं. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. शेजारच्या शिंप्याला विचारलं. "सकाळी गेलाय, चेहरा कसनुसा झाला होता," एवढंच तो म्हणाला. पावसाची भुरभुर सुरू झाली होती. आडोशालाही न जाता मी जवळच्या इस्पितळांचे नंबर शोधत उभी राहिले. दोन ठिकाणी विचारूनही झालं. तिसरा नंबर लावताना माझं मलाच कळलं. काळजी करायची की नाही, हे ठरवायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरून तो आला. छत्रीखाली, एक गाल लिंबाएवढा सुजलेला, तोंडात कापूस.

"दात?" मी विचारलं.

त्याने मान डोलावली. काही सांगायला गेला, तर नुसतंच "हंऽऽ" निघालं. त्याने दोन बोटं वर केली.

"दोन तास बोलायचं नाही?"

पुन्हा मान.

"बरंच झालं. मग ऐका." मी एका दमात बोलत सुटले. "मी त्या दिवशी म्हणाले, दुसऱ्या माणसाची काळजी पेलवणार नाही. पेलवत नाहीच. आत्ता दोन इस्पितळांत तुमची चौकशी केली मी... वर्णन विचारलं, तर नीट सांगताही येईना. नुसते कान सांगता आले. मला भीती वाटते. पुढेही वाटेल, रोज वाटेल, बाहेर गेलात की वाटेल. अशी बाई चालणार असेल तर—"

तो हसला आणि लगेच कळ येऊन त्याने गाल धरला. मी नकळत पुढे झाले, त्याच्या हातावर हात ठेवला.

"दुखतंय का रे तुला?"

'रे' आणि 'तुला' आम्हा दोघांनाही एकदमच ऐकू आलं. त्याने आधी 'नाही' अशी मान हलवली. मग माझ्याकडे बघत, अगदी लहान मुलासारखी, 'हो' अशी. मी त्याच्या हातातली छत्री घेतली, दोघांवर धरली. आणि तो वाकून शटर उघडायला लागला.