सोळातले साडेतीन

"उद्या दुपारी तीनपर्यंत नदी जोडून झाली नाही, तर माझी रवानगी पुन्हा खिडकीवर," असं म्हणून मावशीने चपला काढल्या आणि ती सरळ खाटेवर जाऊन पडली.

भिंगरीने हातातले पत्ते पालथे ठेवले. सुट्टीला मावशीकडे येऊन चार दिवस झाले होते आणि चारही दिवस मावशी असंच तोंड करून घरी येत होती. भिंगरी बारा वर्षांची. तिला एका जागी बसणं म्हणून ठाऊक नव्हतं, त्यामुळे हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. तिच्या धाकट्या भावाला सगळे वकील म्हणायचे, कारण जेवणाआधी हात का धुवायचे यावरसुद्धा तो अर्धा तास वाद घालू शकायचा. आणि मावशीचा मुलगा टिपण. खिशात वही, कानामागे पेन्सिल, आणि जे दिसेल ते वहीत.

"नदी कशी जोडतात?" वकिलाने विचारलं.

टिपणने समजावलं. त्याची आई नकाशाघरात कामाला होती. तिथला नदीचा जुना नकाशा बारा तुकड्यांत होता, एकेक तुकडा जेवायच्या टेबलाएवढा. ते तुकडे स्कॅन करून कॉम्प्युटरवर एकमेकांना जोडायचे, म्हणजे उगमापासून मुखापर्यंत नदी सलग दिसेल. सहा वर्षं खिडकीवर बसून लोकांना नकाशांच्या नकला दिल्या, तेव्हा कुठे आईला हे काम मिळालं. पण तीन महिने झाले, चौथा तुकडा आला की कॉम्प्युटर मान टाकायचा.

"परवा साहेब सगळ्या कारकुनांसमोर म्हणाले, यंत्र नवं कोरं आहे, बाईंनाच जमत नाही," मावशी छताकडे बघत म्हणाली. "आणि खरं सांगू का? आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

मावशी म्हणजे सायकलची उतरलेली साखळी भर रस्त्यात स्वतः चढवणारी बाई. मिक्सर बिघडला तर शेजारणी आधी तिच्याकडे यायच्या. तीच असं बोलायला लागली म्हणजे पाणी बरंच डोक्यावरून गेलं होतं.

"उद्या आम्ही येतो तुझ्याबरोबर," ती म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

सकाळी तिघं नकाशाघरात हजर. भिंतीला लागून रुंद, उथळ खणांची कपाटं होती आणि प्रत्येक खणावर चिठ्ठी: आत इतके नकाशे, पैकी फाटके इतके. एकाही चिठ्ठीवरचा रकाना मोकळा नव्हता. फाटका नकाशा नसेल तिथेही ठळक शून्य घातलेलं.

मावशीने कॉम्प्युटर सुरू केला. एक, दोन, तीन तुकडे जोडले गेले. चौथा आला, पडदा पांढरा पडला आणि 'मेमरी अपुरी आहे' असा निरोप आला.

"मेमरी म्हणजे त्याचं कामाचं टेबल," टिपण म्हणाला. "टेबल लहान असेल तर चौथा नकाशा पसरायचा कुठे?"

"पण टेबल मोठंय ना. सोळा जीबीचं घेतलंय," मावशी म्हणाली. तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. पलीकडून मोठा आवाज आला. "बाई, मेमरीच्या आठ-आठच्या दोन पट्ट्या मी स्वतः बसवल्यात. सोळा दाखवतंय ना? मग झालं तर. अडीचला येतो, यंत्र निर्दोष असल्याच्या कागदावर साहेबांची सही घ्यायचीय." फोन बंद.

भिंगरी मात्र पडद्याला नाक लावून बसली होती. यंत्राची माहिती उघडली होती आणि त्यात लिहिलं होतं, बसवलेली मेमरी सोळा. पण त्याच ओळीत पुढे, बारीक अक्षरात, आणखी काहीतरी होतं.

"मावशी, हे बघ. सोळा बसवलेली, पण वापरता येण्याजोगी फक्त साडेतीन."

मावशी खुर्चीतून अर्धवट उठली. तीन महिने ती ओळ डोळ्यांसमोर होती, पण दुरुस्तीवाल्याने 'सोळा' म्हटल्यावर पुढचं वाचायची गरज कुणाला वाटली नव्हती.

"एखादी पट्टी खराब असेल," वकील म्हणाला.

"मग बघू या." मावशीचा आवाज आज पहिल्यांदा नेहमीसारखा झाला. तिने कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, अंगातली वीज उतरावी म्हणून लोखंडी कपाटाला हात लावला आणि यंत्राची बाजू उघडली. आत बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या उभ्या होत्या. एक काढून सुरू केलं. आठ बसवलेली, वापरता येण्याजोगी साडेतीन. ती घालून दुसरी काढली. पुन्हा आठ, पुन्हा साडेतीन.

"दोन्ही पट्ट्या ठणठणीत. दोन्ही निर्दोष सुटल्या," वकिलाने निकाल दिला.

दोन्ही पट्ट्या परत बसवल्या. कॉम्प्युटर जागा होत असताना क्षणभर काळा पडदा येतो, त्यावर टिपणने नजर ठेवली. तिथे नुसतं सोळा होतं, साडेतीनचा पत्ताच नव्हता. त्याने तेही वहीत लिहिलं.

"म्हणजे जागा होईपर्यंत त्याला सोळा माहीत असतं," भिंगरी हळूहळू म्हणाली, "आणि कामाला बसलं की कुणीतरी त्याला सांगतं, बाबा रे, एवढंच वापर."

पण कोण सांगतं? तिघं पडद्यावर यंत्रातल्या फायलींचा कानाकोपरा धुंडाळू लागले. पाऊण तास हाती काही लागलं नाही आणि वकिलाचा धीर सुटत आला. तेवढ्यात त्याला एका कोपऱ्यात 'निरोप' नावाचं पत्र सापडलं. 'आज मी सेवेतून निवृत्त होत आहे. खण क्रमांक नऊ जपून उघडावा.' खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख होती.

"हे तर नकाशेवाल्या आजोबांचं," मावशी म्हणाली. "आमचे आधीचे अभिलेखपाल, हे सगळे खण तेच सांभाळायचे. या चिठ्ठ्या त्यांच्याच हातच्या."

"यंत्र कधी आलं?"

"तीन महिन्यांपूर्वी."

दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाने तीन महिन्यांपूर्वी आलेल्या यंत्रात पत्र कसं ठेवलं?

"जुन्या यंत्रातलं सगळं जसंच्या तसं यात उतरवलंय," भिंगरी म्हणाली. "मावशी, जुन्या यंत्रात मेमरी किती होती?"

"चार. त्यातला अर्धा जीबी यंत्र स्वतःसाठी ठेवतं, उरतात साडेतीन," मावशी म्हणाली आणि तिने कपाळावर हात मारला.

नकाशेवाले आजोबा दोन गल्ल्या सोडून राहायचे. मुलं धावतच पोहोचली. दार उघडलं आणि वकिलाला हसू आवरेना. स्वयंपाकघरातल्या बरण्यांवरसुद्धा चिठ्ठ्या होत्या: साखर, पाऊण बरणी. मीठ, अर्धी. झाकणाला तडे, शून्य.

"मेमरी?" आजोबांनी चष्मा पुसला. "हो, आठवतंय की. यंत्र हळू चालायचं म्हणून मी पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या उघडून तपासल्या. एके ठिकाणी 'कमाल मेमरी' असा रकाना होता, आणि तो रिकामा. चाळीस वर्षांत मी रिकामा रकाना सोडलेला नाही. मी आधी नीट चौकशी केली, चार आहे म्हणून कळलं, मग चार भरलं. का, चुकलं का काही?"

चुकलं नव्हतंच, त्या दिवशी. चारच्या यंत्राला चार सांगितलं होतं. भिंगरीने सगळं सांगितलं, मावशीला बाई म्हणून कसं बोललं गेलं तेही सांगितलं. आजोबांचा चेहरा उतरला. "माझ्या एका आकड्यापायी त्या मुलीला तीन महिने बोलणी खावी लागली?" ते खुंटीवरचा सदरा घालत म्हणाले. "चला. मी येतो."

अडीचला दुरुस्तीवाला कागद घेऊन साहेबांसमोर उभा होता. मावशी शेजारीच उभी होती.

"काका, एक विचारू?" वकील अगदी गरीब चेहरा करून म्हणाला. "यंत्र सगळं नवीन ना?"

"एकदम कोरं."

"आतली व्यवस्थासुद्धा तुम्हीच नव्याने बसवली?"

"प्रत्येक गोष्ट. दोन दिवस खपलोय."

"मग तुमच्या कोऱ्या यंत्रात या आजोबांचं दोन वर्षांपूर्वीचं पत्र कसं?"

दुरुस्तीवाल्याने आजोबांकडे पाहिलं आणि हातातला कागद खाली घेतला. साहेबांनी सहीसाठी उघडलेलं पेन बंद केलं.

"खरं बोला," ते म्हणाले.

"जुनी डिस्कच उतरवली साहेब," दुरुस्तीवाला कान खाजवत पुटपुटला. "वेळ वाचतो. सगळेच करतात. सोळा दिसलं, पुढचं कोण वाचतंय."

"चारचा आकडा माझा आहे," आजोबा पुढे झाले. "बाईंचा यात काडीचाही दोष नाही."

मावशीने आजोबांनी दाखवलेली खिडकी उघडली. रकान्यापुढची खूण काढली, आकडा पुसला. रकाना रिकामा राहिला तेव्हा आजोबांनी दुसरीकडे पाहिलं, त्यांना ते बघवेना. यंत्र पुन्हा सुरू झालं. वापरता येण्याजोगी मेमरी आता साडेपंधरावर गेली होती.

मग मावशीने तुकडे घ्यायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा. भिंगरीने वकिलाचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला. चौथा बसला. पाचवा, सहावा. तीन वाजून गेले, कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. बारावा तुकडा जागेवर बसला आणि डोंगरातून निघालेली नदी वळणं घेत घेत पडद्याच्या दुसऱ्या टोकाला समुद्राला मिळाली.

साहेब बराच वेळ वाकून बघत होते. "सांधे कुठेच दिसत नाहीत," ते म्हणाले. "पोरांनो, तुम्ही आमच्या सगळ्यांचे डोळे उघडलेत. शाबास. आणि बाई, बाकीचे नकाशेही तुम्हीच जोडायचे. खिडकीचं विसरा."

दुरुस्तीवाला म्हणाला, "उद्या येऊन सगळं नव्याने बसवून देतो, ताई. चुकलो." मावशीने मान हलवली.

तिचे डोळे भरून आले होते, पण ती खुर्चीतून उठून साहेबांसमोर सरळ उभी राहिली.

"साहेब, त्या दिवशी जे बोललात ते कारकुनांच्या खोलीत बोलला होतात," ती म्हणाली. "हे इथे सातजणांत झालं. तेवढं तिथेही सांगाल?"

साहेबांच्या कपाळावर आठी आली आणि हळूहळू गेली. त्यांनी दार उघडून धरलं.

"चला," ते म्हणाले. "आत्ताच सांगतो."

आणि मावशी पुढे, साहेब तिच्या मागे, असे ते दोघं कारकुनांच्या खोलीकडे निघाले.