हुंकार देणारी

मंगळवारी दुपारी ताई वडिलांच्या घरी गेली ती फक्त त्यांचा चष्मा आणायला. बेशुद्ध माणसाला चष्मा कशाला, असं कुणी विचारलं असतं तर तिला काही सांगता आलं नसतं. पण अकरा दिवस रुग्णालयात नुसतं बसून राहिलं की माणसाला काहीतरी आणायला जावंसं वाटतं. चष्मा उशाशी होता, एका जाडजूड पुस्तकावर. तिने पुस्तकही उचललं.

तसली पुस्तकं त्या खोलीत भिंतीला टेकून कमरेएवढी रचली होती. मेंदू, जाणीव, क्वांटम भौतिकी, मनाची ताकद. बाबांनी आयुष्यभर घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, "लोकांचे मीटर पुष्कळ वाचले, आता स्वतःचा वाचतो," आणि हे वेड घरात शिरलं. वाचलेलं सगळं त्यांना कळत होतं अशातला भाग नाही. धाकटा भाऊ चिडवायचा, "बाबा, सत्तरीत आता काय सुधारणार?" त्यावर ते म्हणत, "घर विकायच्या आधीही रंग देतातच की," आणि पेन्सिलीला टोक काढायला बसत.

पुस्तकात एकशे बाराव्या पानावर खूण होती. कुणी पाहीपर्यंत कणाची जागा ठरलेली नसते, असं काहीसं तिथे छापलं होतं. समासात बाबांचं गिचमिड अक्षर: 'पटत नाही. मी वाचायला गेलो नाही तरी मीटरची चकती फिरतच असायची.' ताईला आधी हसू आलं आणि मग तिथेच पलंगावर बसून ती रडली.

रुग्णालयातल्या थोरल्या सिस्टरने सांगितलंच होतं, "बोलत जा त्यांच्याशी. वाचून दाखवा काहीतरी." भेटीची वेळ चार ते पाच. बाबांच्या घशात नळी होती आणि शेजारचं यंत्र त्यांच्या वतीने श्वास घेत होतं. डॉक्टर शुक्रवारपर्यंत थांबणार होते. मेंदूकडून तोवर काहीच प्रतिसाद आला नाही तर यंत्र ठेवायचं की काढायचं, ते दोघा भावंडांनी ठरवायचं होतं. धाकट्याचं ठरलं होतं. "ताई, त्यांनीच सांगितलं होतं मला. मला असं टांगून ठेवू नका म्हणाले होते." ताईचं ठरत नव्हतं. बाबा आत असतील आणि आपणच दार बंद करून घेऊ, ही एकच भीती तिला होती.

ही भीती तिच्या कामातून आली होती. ती कानाच्या दवाखान्यात लोकांची ऐकण्याची तपासणी करायची. पेशंटला आवाजबंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचा, बारीक बारीक बीप सोडायचे आणि सांगायचं, "ऐकू आलं की बोट वर करा." काही लोक पास व्हायच्या हौसेने आवाज नसतानाही बोट वर करतात. त्यांना पकडायला ती मध्येच लांब शांतता सोडायची. आणि तान्ह्या बाळांच्या आयांना ती गेली वीस वर्षं एकच वाक्य सांगत आली होती, प्रतिसाद नाही म्हणजे ऐकू येत नाही असं नसतं.

त्या दिवशी चार वाजता बाबांच्या उशाशी बसून तिने वाचायला सुरुवात केली. जाणीव मेंदूच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यात असते, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. वाक्य संपलं. यंत्राने श्वास सोडला. आणि त्या श्वासाच्या शेवटी, अगदी हलकेच, कुणीतरी म्हणालं...

"हं."

ताईचं बोट ओळीवरच थबकलं. बाबांचे ओठ नळीभोवती तसेच होते, कोरडे, चिकटपट्टीखाली.

लहानपणी बाबा तिला गोष्ट सांगायचे, तेव्हा हुंकार देण्याचं काम तिचं होतं. दर वाक्याला हं. हुंकार थांबला की पोर झोपलं असं समजून बाबा एकदा विचारायचे, "झोपलीस का गं?" उत्तर आलं नाही तर दिवा बंद करून निघून जायचे. ताई अंधाराला भयंकर भ्यायची. म्हणून ती डोळे मिटले तरी हं म्हणत राहायची. आई सांगायची, ही पोरगी चक्क झोपेतसुद्धा हं म्हणते आणि हे बिचारे पेंगत पेंगत गोष्ट लांबवतात.

तिने सिस्टरला बोलावून सांगितलं. सिस्टर मायाळू होती, पण तीस वर्षं नोकरी झालेली. "नळी असताना आवाज निघत नाही हो. हवा गळ्यातल्या पडद्यांपर्यंत पोचतच नाही. यंत्राचा असेल."

ताईलाही तसंच वाटलं असतं. पण तपासायची सवय गप्प बसू देईना. बुधवारी तिने वाक्य अर्ध्यावर तोडून पाहिलं, तेव्हा शांतता. पूर्ण केलं, की हं. एकदा उगाच दोन मिनिटं गप्प बसली, तर काही नाही. पुढचं वाक्य वाचलं, की हं. पुस्तकाच्या कोऱ्या पानावर ती पेन्सिलीने रेघा ओढत गेली. अकरापैकी अकरा. इतका चोख निकाल तिने धडधाकट तरुण माणसाचाही पाहिला नव्हता. तिच्या छातीत आनंद मावेना. धाकट्याला आणि डॉक्टरांना पुरावा हवा म्हणून तिने मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं, एकशे एकतिसाव्या पानापर्यंत वाचलं आणि बाबांच्या कानाशी वाकून म्हणाली, "मी नाही जाऊ देत तुम्हाला." मोबाइल बंद करायचं राहून गेलं. तो उशाशी आणखी वीस मिनिटं चालू होता.

गुरुवारी सकाळी पेशंट यायच्या आधी ती आपल्या आवाजबंद खोलीत शिरली आणि जाड दार ओढून घेतलं. त्या खोलीत बसलं की आपलंच रक्त कानात वाहताना ऐकू येतं. नव्या माणसाला तिथे कसंतरी होतं, पण तिची ती हक्काची जागा होती. तिने हेडफोन लावला.

आधी यंत्राचा श्वास. मग वाचणारा आवाज.

तो तिचा नव्हता.

बाबा वाचत होते. ओळीखाली बोट धरून, आकडे वाचल्यासारखं तुटक, प्रत्येक पूर्णविरामाला नीट थांबत. आणि दर वाक्याच्या शेवटी एक हुंकार येत होता. "हं." हुंकाराला आवाज असून असून केवढा असणार, म्हणून वॉर्डात तो कुणाचा ते तिला ओळखता आलं नव्हतं. इथे आलं. तो तिचाच होता.

एकशे एकतिसावं पान संपलं. आवाज थांबला नाही. तिने पिशवीतलं पुस्तक काढून पान उलटलं. ऐकणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा, असं मेंदू आपल्याला सांगत राहतो; ते तसंच असेल असं मात्र नाही. अक्षर न् अक्षर जुळत होतं. तिने न वाचलेलं पान बाबा तिला वाचून दाखवत होते. आवाज दमत चालला होता. जांभई गिळल्यासारखा अडखळत होता. शेवटी तो थांबला आणि हळूच म्हणाला...

"झोपलीस का गं?"

त्या बंद खोलीत, काही कळायच्या आत, ताई म्हणाली, "हं."

आणि आवाज पुन्हा वाचू लागला.

संध्याकाळी धाकट्याने ते रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. मग तिच्या पाठीवर हात ठेवला. "तूच वाचतेयस ताई. आणि मधूनमधून तूच हं म्हणतेयस. पुढे नुसतं मशीन आहे. किती रात्री झोपली नाहीस तू?"

ताईने वाद घातला नाही. तिला आता वेगळंच कळलं होतं, आणि ते कळल्यावर तिला स्वतःची लाज वाटली. बाबा आत अडकले होते ते यंत्रामुळे नव्हे. पोरगी जागी आहे, अंधाराला भितेय, म्हणून ते दमलेल्या डोळ्यांनी पानं उलटत बसले होते. तिच्या लहानपणीही, पहाटे उठून मीटरच्या फेरीला जायचं असताना, ते असेच बसायचे.

शुक्रवारी तिने सही केली. नळी काढली तेव्हा धाकटा पायाशी होता, ताई उशाशी. श्वास लांबत गेले. दोन श्वासांच्या मधल्या शांततेत ताईला ते वाचताना ऐकू येत होते, अगदी खोलवरून. पूर्णविराम आला. तिने ओठ दातांखाली दाबले. दुसरा पूर्णविराम.

"झोपलीस का गं?"

तिने डोळे मिटून घेतले आणि झोपेचं सोंग केलं, आयुष्यात पहिल्यांदा. ओठातून रक्त आलं पण हुंकार आला नाही. मग दिव्याचं बटण दाबल्यासारखा बारीक 'टक्' असा आवाज झाला. डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं. धाकटा हुंदके देऊ लागला आणि ताईला मात्र, का कोण जाणे, सुटल्यासारखं वाटलं.

महिन्याने ती कामावर रुजू झाली. पहिल्याच दिवशी एक गप्पिष्ट आजी आल्या. ताईने त्यांना आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन लावला, बोटाचं सांगितलं आणि बाहेर यंत्रापाशी बसून काचेतून पाहू लागली. आजी चोख होत्या. नेहमीप्रमाणे ताईने मध्ये लांब शांतता सोडली.

आजींनी बोट वर केलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा, ठरावीक अंतराने.

ताईने उठून दार उघडलं. "आजी, आत्ता बीप सोडलाच नव्हता मी."

"बीप नाही गं, ते कळतं मला. तू ऐकू आलं की बोट वर कर म्हणालीस, म्हणून केलं. ते गृहस्थ वाचतायत ना... थांबत थांबत."

ताईने दाराची कड धरली. "काय... काय वाचतायत?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं. मेंदूचं काहीतरी." आजींनी हेडफोन कानावर नीट दाबला. "पण दमलेत गं फार. सारखं विचारतायत, झोपलीस का, झोपलीस का. आणि दर वेळी तू आपली हं म्हणतेस. झोपू दे की त्यांना."

ताईने ओठांवर हात ठेवला. ओठ घट्ट मिटलेले होते.

आजींनी पुन्हा बोट वर केलं.