आईने माती भाजली

आमच्या वाफ्यातली चवळी तिसऱ्यांदा पिवळी पडली, तेव्हा आईने वाफ्याच्या कडेलाच बसकण मारली. पाणी वेळेवर होतं, उजेड पुरेसा होता, खतही घातलेलं होतं. मग रोपं वीतभर वाढून अशी हिरमुसली का व्हावीत? हे कोडं कुणालाच सुटत नव्हतं.

मी केतकी. वय वर्षं अकरा, जन्म मंगळावरचा. आमची वस्ती एका मोठ्या पारदर्शक घुमटाखाली आहे. इथे भाजी वाढते ती पाण्याच्या नळ्यांत. तिला लागणारं खत पृथ्वीवरून येतं आणि यान येतं सव्वादोन वर्षांतून एकदा. म्हणून आईने हट्टाने दोन गुंठे जागा मागून घेतली. मंगळाच्या लाल मातीत, बाहेरचं खत न घालता, पीक काढून दाखवायचं! नाही जमलं तर हंगाम संपताच तिथे गोदाम होणार होतं. वस्तीच्या आरोग्य अधिकारी शालनमावशींनी तसा शेराही लिहून ठेवला होता. मावशी नियमांना फार कडक. त्या समोरून आल्या की मी नखं लपवायची.

शेवटी मी पृथ्वीवर आजोबांना निरोप धाडला. आजोबा मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे) आहेत. निरोप पोचायला वीस मिनिटं, उत्तर यायला वीस. आजोबांशी भांडायचं तरी धीर धरून भांडावं लागतं.

आम्ही काय काय केलं, ते सगळं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, "माती धुऊन विषारी क्षार काढले. भाज्यांच्या सालांचं खत घातलं. मग तुम्ही पाठवलेली बांधावरची मूठभर माती गूळ-बेसनाच्या पाण्यात कालवून ओतली. आणि ती माती आईने आधी छान भाजून घेतली होती बरं का!"

चाळीस मिनिटांनी आजोबा पडद्यावर दिसले, ते कपाळाला हात लावूनच.

"भाजली? रव्यासारखी?"

"बाहेरून आलेली माती भाजायची, असा इथला नियम आहे, बाबा," आई पडद्याला म्हणाली. "मी तर चांगली खमंग भाजली. कच्ची नाही ठेवली."

तिला दोष तरी कसा द्यावा? निवडलेले तांदूळ पुन्हा निवडणारी बाई ती.

आजोबांचा पुढचा निरोप लांबलचक होता. "केतकी, दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही. विरजणात जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे जीव) असतात, ते दुधाचं दही करतात. उकळत्या दुधात विरजण घातलं तर ते मरतात आणि दही काही लागत नाही. मातीचंही तसंच आहे. चवळीला वाढायला नत्र (हवेतला एक वायू) लागतो. तुमच्या घुमटातल्या हवेत तो भरपूर आहे, पण चवळीला तो थेट घेताच येत नाही. समोर ताट वाढलेलं आणि तोंडाला कुलूप! मग काही जिवाणू तिच्या मुळांत गाठी करून राहतात. ते हवेतला नत्र पकडून तिला देतात आणि ती त्यांना साखर देते. जिवंत मातीच्या चिमटीत असे असंख्य जीव नांदत असतात. तुझ्या आईने त्या सगळ्यांना कढईत घातलं. आता रडू नका. घरातलं विरजण संपलं की आपण काय करतो? वाटी घेऊन शेजारी जातो!"

मी वाटी घेऊन निघाले. सतरा दारं वाजवली. सगळ्यांकडे नळ्याच नळ्या, माती कुणाकडेच नाही. अठरावं दार शालनमावशींचं. पाय मागे ओढत होते, पण आईचा चेहरा आठवला.

"मावशी, न भाजलेली माती आहे का?" मी एका दमात विचारून टाकलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग आत जाऊन न्हाणीघरातल्या दिव्याखालचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात गवती चहा वाढला होता.

एरवी मावशी पुस्तकातल्यासारखं बोलायच्या. आज त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या रानातली हाय. भुईमुगाची माती. निघताना आईनं दिली, चौदा वर्सं झाली. समद्यांची माती म्या भाजाया लावली, पर ह्यो डबा काय माज्यानं भाजवला न्हाई."

"पण हे कळलं तर तुम्हाला शिक्षा होईल ना?"

"हुईल की. उद्या सभेत म्याच सांगते."

त्यांनी माती यंत्रावर तपासली. रोगाचे जंतू नव्हते. मग त्यांनी माझी वाटी शिगोशीग भरली. मला इतकं भरून आलं की आभार मानायचंच राहिलं. ते मी दुसऱ्या दिवशी सभेत, सगळ्यांसमोर मानले. सभेने मावशींना महिनाभर घुमटाच्या काचा पुसायला लावल्या. त्यांनी त्या लख्ख पुसल्या, आणि नियमात "भाजावी" खोडून "तपासावी" असं लिहायलाही लावलं.

भुईमुगाच्या मुळांतले जिवाणू चवळीलाही चालतात, असं आजोबांनी कळवलं. आम्ही ती माती गुळाच्या पाण्यात कालवली, चवळीच्या बियांना चोळली आणि चौथ्यांदा पेरणी केली. महिनाभराने पानं हिरवीगार! आईने एक रोप हलकेच उपटलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. एक नखाने फोडली, तर आतून गुलाबी. आजोबांनी सांगितलंच होतं, गुलाबी म्हणजे काम चालू आहे. मावशींनी गोदामाच्या शेऱ्याचा कागद स्वतःच्या हाताने फाडला.

शेंगा आल्यावर पहिला वानोळा (नव्या पिकातला आपल्या माणसांना द्यायचा वाटा) मावशींकडे गेला.

"आणि ज्यांनी खरं काम केलं त्यांचा वाटा?" आजोबांनी विचारलं.

तोही दिला. मुळं जमिनीतच राहू दिली. वेल कापून पाला मातीवर पसरला. याला आच्छादन (मातीवरचं पांघरूण) म्हणतात. ते कुजतं, मातीतल्या जिवांचं पोट भरतं आणि तेच पुढच्या पिकाला मिळतं. मी खाली वाकून त्यांना मोठ्याने "थँक्यू" म्हटलं. ऐकू गेलं का कोण जाणे, पण म्हटल्याशिवाय मला राहवेना.

यंदा पुढच्या यानाची सामानयादी सभेत मंजुरीला आली, तेव्हा आईने खताच्या आकड्यावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, "चार पोती कमी पाठवा. तेवढ्या वजनात एक कुटुंब बसेल, ते पाठवा. जेवायला आहे."