नाव बदललेलं रक्त

नोप जिल्ह्याच्या इस्पितळात आला होता तो नेहमीसारखं छातीतलं यंत्र तपासून घ्यायला. पंख्याखाली बसून पेंगताना त्याची मान खाली पडली, तशी शेजारच्या म्हातारीने त्याला कोपराने ढोसलं. या भागात तरण्या पोराला कुणी सुखाने डुलकी घेऊ देत नाही.

नर्स ओराथाईने खांद्याखालच्या उंचवट्यावर चकती टेकवली. झोपेत काळीज थांबलं की लाथ घालून ते चालू करायचं, एवढंच त्या यंत्राचं काम.

"बसवल्यापासून याने काहीच केलेलं नाही," ती म्हणाली. "मालकावर गेलंय."

"मालकाला काम देतंय कोण?"

ते खरंच होतं. यंत्र बसलं आणि वेल्डिंगच्या ठिणगीजवळ जायलाही बंदी आली. नोप तेच शिकत होता. कॉलेज तिथेच सुटलं.

ओराथाईने आवाज उतरवला. "मागच्या वेळी तुझं रक्त पुन्हा घेतलं होतं. त्यात दोष नाही, नोप. बापाचं काळजाचं दुखणं तुझ्यात उतरलेलंच नाही. गावच्या शिबिरातल्या ज्या रक्तावरून हे यंत्र बसवलं, ते तुझं नव्हतं."

"मग कुणाचं?"

"तुझ्या घरातलंच कुणाचं तरी."

बाप झोपेतच गेला होता. मागे राहिलेली पोरं दोनच, नोप आणि धाकटा तोई. तोईचा रिपोर्ट तेव्हा स्वच्छ आला होता.

नोपने तोईला फोन लावला. फोन नुसता वाजत राहिला.

मोटरसायकल गावात शिरली तेव्हा टळटळीत दुपार होती. फाटकाफाटकावर लाल सदरे टांगलेले होते. वारा नव्हता, बाह्या नुसत्या लोंबत होत्या. झोपलेल्या पुरुषांना नवरा करून नेणारी ती मेलेली विधवा लाल रंग पाहून मागे फिरते म्हणे. पुरुषांच्या नखांना लाली लावली, की बाई समजून सोडते. नोपने कधी लावून घेतली नाही. तोई बिचारा निमूट हात पुढे करायचा.

हे सगळं करवून घेणारा लुअन मामा घराच्या पायरीवर मासळीचं जाळं विणत बसला होता. तोच गावचा आरोग्यसेवक. सकाळी लोकांचा रक्तदाब बघायचा, संध्याकाळी सदरे टांगायचा, आणि दोन्हीचा सारखाच रुबाब मिरवायचा.

"मामा, शिबिरात रक्ताच्या नळ्यांवर नावं कुणी चिकटवली?"

"मी. अख्ख्या गावाची."

"आमची अदलाबदल केलीस."

मामाने गाठ आवळली. "शिबिरात पुकारत होते मोठ्याने. नाव, बापाचं नाव. ती काय बहिरी आहे? तुझ्या बापाला तिने नावानेच नेलं. नाव एकाचं, रक्त दुसऱ्याचं असलं की ती गोंधळते. तोईलाही शिकवून ठेवलंय, झोपेत कुणी नाव विचारलं तर आपलं सांगायचं नाही."

"डॉक्टर ज्याच्या त्याच्या रक्ताप्रमाणे उपाय करतात. ज्याला यंत्र हवं होतं तो तसाच राहिला."

"कॉलेज सोडलेला मला रक्त शिकवतोय."

"सोडलं नाही, तू सोडवलंस. तोई कुठाय?"

"खाली, बाजेवर. जेवून पडलाय. दुपारची नाही येत ती."

खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत आंबवलेल्या मासळीचा वास होता, आणि त्यावर दुसरा एक, ओल्या केसांचा. तोई उताणा पडला होता. लाल नखांचे हात छातीवर. छाती हलत नव्हती.

नोपने त्याला गदागदा हलवलं. पुन्हा हलवलं. ओठ निळसर होते.

तोईने डोळे उघडले. "झोपू दे ना, दादा..."

"ऊठ. इस्पितळात जायचंय."

"आत्ताच तर ती बाई गेली... कधीची उशाशी बसून होती."

"कोण बाई?"

"केस ओले होते... फार दमलेली वाटली. सारखी नाव विचारायची..."

"तू काय सांगितलंस?"

तोईने जांभई दिली. "मामाने शिकवलंय ना... तुझं सांगितलं."

नोपला एकाएकी झोप आली. वर्षानुवर्षांची राहिलेली झोप यावी तशी. गुडघे दुमडले, डोळ्यांपुढे अंधार झाला, आणि आजवर निपचित पडलेल्या यंत्राने छातीत म्हशीसारखी लाथ घातली.

तो मातीत पडला होता. मामा वाकून बघत होता. सगळा रुबाब उतरला होता, नुसता म्हातारा उरला होता.

"सांग तिला," मामा पुटपुटला. "तो नोप तू नव्हेस म्हणून सांग..."

"मग कोण म्हणून सांगू?"

मामाने तोईकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

नोपच्या कानाशी कुणीतरी खाली बसलं. मातीवर थेंब पडत होते. अगदी थकलेल्या आवाजात त्याला नाव विचारलं गेलं.

बाजेवर तोईची छाती नीट वरखाली होत होती. ती त्याने डोळे भरून पाहिली.

"नोप," तो म्हणाला.

यंत्राने दुसरी लाथ घातली. कानाशी बसलेली मात्र उठली नाही.