कुंचीचं पार्सल

बस करा आता त्या पार्सलवाल्याला शिव्या देणं. आपण चौघं दिवसभर ओट्यावर बसलेलो आणि तो म्हणतो, घर बंद होतं! अरे, ही खोड आजची नाही, निजामाच्या राज्यातली आहे. तो दिवा मालवा, किडे येतात. सांगतो.

गेवराईचे आप्पाराव. लहानपणी मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे हे. तरणेपणी ते एका ठेकेदाराकडं होते. जालन्याला रेल्वेनं आलेली पार्सलं गावोगाव पोचवायची, हे काम. माणूस वाईट नव्हता, पण अंगात आळस लई. लांबचं गाव आलं की पार्सल आपल्याच फडताळात टाकायचे आणि ठेकेदाराला सांगायचे, "घर बंद हाय."

त्या साली प्लेग आला. चकलांबा गाव अख्खं उठून रानात झोपड्या घालून राहिलं. तिथल्या तुळजाचा नवरा सटवा हैदराबादला कामाला होता. त्यानं तान्ह्या लेकीसाठी लोकरीची लाल कुंची धाडली होती. पौषातली थंडी, उघड्यावरची झोपडी आणि सव्वा महिन्याची पोर. तुळजा रोज वाटेला डोळे लावून बसायची. आणि पार्सल पडलं होतं आप्पारावांच्या फडताळात.

शेवटी ठेकेदारानं दम भरला, तेव्हा कुठं स्वारी हलली. पौष वद्य चतुर्दशी होती, दुसऱ्या दिवशी अमावास्या. पोचेपर्यंत अंधार पडला. झोपड्यांत जायची प्लेगमुळं भीती वाटली. पत्ता गावातल्या घराचा आहे ना? मग तिथंच आत टाकू आणि सुटू, असा विचार त्यांनी केला.

गावात चिटपाखरू नव्हतं. साधं कुत्रंसुद्धा नाही. सटवाच्या दाराला बाहेरून साखळी होती. दार ढकललं की चार बोटं फट पडायची. पार्सल सारायला आप्पाराव खाली वाकले.

"आनलं का?"

आतून. बाईचा आवाज.

"कोन हाय?"

"तुळजा."

फटीतून हात आला. कोपरापर्यंत हिरवा चुडा. बोटं हळदीनं पिवळी.

"लई उशीर केला, दादा..."

पार्सल आत गेलं. हात आत गेला. चुडा वाजला नाही...

मग त्यांना आठवलं. साखळी बाहेरून होती.

पळाले. रानात उजेड दिसला तिकडं पळाले. शेकोटीपाशी तुळजाची सासू, कडूबाई, एकटीच बसली होती. पार्सलवाला म्हणून तिनं त्यांना ओळखलं.

"पार्सल आनलं का रं?"

"दिलं की, मावशी. तुमच्या सुनंच्या हातात. गावात, घरी..."

कडूबाईनं मान वर केली. शेकोटीतलं लाकूड तडकलं. ती म्हणाली,

"कावून थट्टा करतो रं? परवाच्या दिशी जाळली तिला. हिरवा चुडा भरून, हळद लावून... जाताना बी इचारत व्हती, कुंची आली का."

आप्पाराव मला म्हणाले होते, "तवा वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं."

"लेकरू गार पडलंय," कडूबाई म्हणाली. "मगापासून रडत बी न्हाई. शेक द्यावा म्हनून जाळ केला, पन आत जाऊन बघायचं धाडसच हुईना."

ती एक जळतं लाकूड घेऊन उठली. आप्पाराव मागं. झोपडीत दुसरं कुणी नव्हतं. वाकळ होती. कडूबाईनं ती हळूच उचलली...

पोर झोपली होती. अंग ऊन ऊन. डोक्यावरून पाठीपर्यंत लाल कुंची. हनुवटीखाली बंद बांधलेले.

बाहेर वारा नव्हता.

ती पोर जगली. मोठी झाली, तिचं लग्न झालं, लेकरं झाली. त्यातला थोरला मी. अरे, असे बघू नका माझ्याकडं. तुळजा माझ्या आईची आई.

कुंची पेटीत आहे, उद्या उजेडी दाखवतो. आईनं ती किती वेळा धुतली, उन्हात घातली. लाल रंग पार विटला. पण बंदाच्या गाठीवर दोन बोटं उमटलीत हळदीची. ती अजून पिवळीजर्द आहेत.