आदवनदेवाचं सहावं वर्ष

अप्पांचं जेवण घेऊन मी रोज भर दुपारी देवळात जात असे. ताकातला शिळा भात आणि मिठातल्या कैरीची फोड. अप्पा देवळाच्या भिंतीवर दानलेख कोरायचे. त्यांना वाचता येत नसे. लेखनिक नक्कन ताडपत्र बघून भिंतीवर गेरूने लिहायचा, आणि अप्पा त्या लाल रेषांवरून छिन्नी चालवायचे. नक्कनच्या पाठीमागे उभं राहून मला मात्र वाचता येऊ लागलं होतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते.

म्हातारा राजा जाऊन वर्ष उलटलं होतं. थोरला राजपुत्र आदवन अभिषेकाच्या आदल्या दिवशी कावेरीत बुडाला. उन्हाळ्यातली नदी, गुडघाभर पाणी. धाकटा सेंदन गादीवर बसला, आणि आता त्यानेच भावाच्या शांतीसाठी देवळाला नंदादीप दिला होता. त्याचा लेख कोरायचा होता. लेख सुरू होतो तो राजाच्या नावाने आणि त्याच्या राज्याच्या वर्षाने. ‘सेंदनदेवाचं दुसरं वर्ष’ असं नक्कनने माझ्यासमोर लिहिलं.

“शात्ता, तुला वाचता येत नाही तेच बरं,” तो हात पुसत अप्पांना म्हणाला. “वाचणाऱ्याचा हात थरथरतो.”

“माझा नाही थरथरत, अय्या. घर चालतं त्याच्यावर.”

नक्कन जेवायला गेला. मी विहिरीवर पाणी आणायला गेले. परतले तेव्हा ओवरीत गारठा होता. वटवाघळांचा आणि जळक्या तेलाचा नेहमीचा वास नव्हता, नदीच्या चिखलाचा होता. अप्पा वाकून कोरत होते. ठक्... ठक्... गेरू ओला दिसत होता. अक्षरांतून पाणी झिरपत होतं. आणि तिथे लिहिलं होतं, ‘आदवनदेवाचं दुसरं वर्ष’.

“अप्पा...”

“काय गं?”

राजाचं नाव चुकलं की कोरणाऱ्याचा हात जातो, हे आमच्या आळीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. पण सांगायचं तर मला वाचता येतं हेही सांगावं लागणार. राजाचं ताडपत्र चोरून वाचणारी पाथरवटाची पोर... नक्कन काय म्हणेल? अप्पा काय म्हणतील?

“आधी जेवून घ्या ना.”

“दोनच अक्षरं राहिलीत, नंगै. राजाचं नाव अर्धवट सोडू नये.”

त्यांनी ती दोन अक्षरं कोरली. मग हात धुऊन भात खाल्ला, कैरी मला दिली.

संध्याकाळी लेख तपासायला अधिकारी आला. नक्कनने शिवाची शपथ घेतली की, आपण सेंदनचं नाव लिहिलं होतं. ते खरंच होतं. अप्पा म्हणाले, “समोर होतं तेच कोरलं.” तेही खरं होतं. मी खांबाआड उभी होते. ती ओळ तासून टाकली. अप्पांचा उजवा हात मनगटापासून गेला.

तेव्हापासून मीच त्यांना भरवते. दरवर्षी त्याच दिवशी दिव्याचं तेल घेऊन देवळात जाते. तासलेल्या जागी ओळ पुन्हा उमटलेली असते. आधी तिसरं वर्ष, मग चौथं, पाचवं. पुजारी तिथे तेलाची काजळी फासतो. प्रत्येक अक्षराच्या शेवटी छिन्नीचा बारीक तिरका घाव असतो. तो फक्त अप्पा ठेवायचे.

आज सहावं होतं.

घरी आले. अप्पा भिंतीला टेकून बसले होते.

“कुठे गेला होतात?”

“मी? मला कोण नेणार?” ते हसले. “भूक लागलीय. भरव.”

मी भात कालवला. घास पुढे करताना त्यांचं थोटकं माझ्या हाताला लागलं. त्याच्यावर दगडाची पांढरी भुकटी होती... ओली, चिखलाच्या वासाची.